खटक्याचं वंगण

“मग निदान रागवा तरी, बाबा. तुम्ही माझ्यावर रागावत का नाही?”

जयरामनं विचारलं. होडीच्या काठाला पाठ टेकून सारंगबाबा बसले होते. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये आणि गळ्यातल्या झोळीत. डाव्या हातानं ते गुडघ्यावरची लुंगी सारखी करत होते.

भरती संपत आली होती. खाडीचं पाणी उभं राहिल्यासारखं दिसत होतं.

“बाबा...”

“ऐकतोय मी,” बाबा म्हणाले, आणि पुन्हा पाण्याकडे पाहू लागले.

बाणकोटच्या खाडीकाठी इब्राहीम सारंग म्हटलं तर चटकन कुणाला कळत नसे. सारंगबाबा म्हटलं की शेंबडं पोरही घर दाखवी. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी शिडाच्या गलबतांवर काढली. म्हातारपणी गावी परतले. बायको गेली, लेकी आपापल्या घरी नांदत होत्या. सकाळचा नमाज झाला की ते जेटीवर येऊन बसत. कुणी शीड शिकायला येई. कुणी शीड शिकायला म्हणून येई आणि नुसताच त्यांच्याजवळ बसून जाई. बाबा दोघांनाही नाही म्हणत नसत.

त्यांच्या एका जुन्या शिष्यानं परदेशी जाताना आपली शिडाची होडी त्यांच्या हवाली केली होती. तिचं नाव बाबांनी ठेवलं ‘सबुरी’.

आणि सबुरीची देखभाल जयरामकडे होती.

जयराम टिपणीस महाडचा घड्याळजी. बापजाद्यांचं दुकान, आणि हात असा की पोलादपूर-माणगावहून लोक बंद पडलेली घड्याळं घेऊन त्याच्याकडे येत. त्याला त्याचा ताठाही होता. दुसऱ्या कुणी उघडलेलं घड्याळ समोर आलं की तो आधी ओठाच्या कोपऱ्यातून हसे, मग झाकण काढी. माझ्या हातून गेलेलं घड्याळ माघारी येत नाही, असं तो म्हणे, आणि ते खोटंही नव्हतं.

चाळिशी उलटल्यावर एकदा तो सहज म्हणून बाबांसोबत होडीत बसला. तेव्हापासून रविवार आला की दुकानाचं शटर खाली आणि जयराम बाणकोटला. वडिलांशी त्याचं कधी धड बोलणं झालं नव्हतं. बाबांशी बोलावं लागत नसे.

बाबा थकत चालले होते. हे दिसू लागलं तसं जयरामनं सबुरीचं एकेक काम आपल्या अंगावर घेतलं. शीड तो शिवी, लाकडाला तेल तो लावी. बाबा काही उचलायला वाकले की त्यांच्याआधी त्याचा हात पोचे.

विंचचं कामही त्यानंच मागून घेतलं होतं.

शिडाचा दोर ताणायला होडीवर एक जाड पितळी ढोल असतो, तो विंच. दोराचे वेढे त्याला घालायचे आणि वरचा दांडा फिरवायचा. ढोलाच्या पोटात लहान लहान खटके असतात. ते दातेरी चाकात एकामागून एक अडकत जातात. म्हणून वारा कितीही ओढो, ढोल उलटा फिरत नाही. खटका अडकला की आवाज येतो, टक्, टक्, टक्. शीड ओढणाऱ्याला तो आवाज ओळखीचा असतो.

पावसाळ्यात सबुरी जेटीलगतच्या छपराखाली होती. तेवढ्या दिवसांत जयरामनं विंच उघडला, घासूनपुसून लख्ख केला आणि ग्रीस भरलं. बाबांचा विंच म्हणून दाबून भरलं. खटक्यांच्या खोबणीतसुद्धा बोटानं चोपडलं. मग दांडा फिरवून पाहिला. विंच लोण्यासारखा फिरला. जराही आवाज नाही.

“बघा बाबा,” तो म्हणाला होता, “कसा मुका केला. जेटीवर असा दुसरा विंच नाही.”

बाबांनी मान डोलावली होती.

गेल्या रविवारी पावसाळ्यानंतर सबुरी पहिल्यांदा बाहेर पडली. सुकाणू जयरामकडे होतं. खाडीच्या तोंडाशी वारा चढला, तसे बाबा शीड ताणायला विंचकडे गेले. जयराम नको म्हणाला, पण सुकाणू सोडून त्याला उठता येत नव्हतं. बाबांनी दोर ताणला आणि श्वास घ्यायला क्षणभर हात सैल केला.

खटका ग्रीसमध्ये रुतून बसला होता. तो बाहेर आलाच नाही.

ढोल उलटा सुटला. दांडा गरगरत आला आणि बाबांच्या मनगटाच्या वर बसला. हाड मोडल्याचा आवाज जयरामनं वाऱ्यातही ऐकला.

शीड कसं उतरवलं, होडी एकट्यानं कशी आणली, रिक्षा कुणी बोलावली, हे त्याला नंतर आठवेना. आठवत होतं एवढंच, की दवाखान्यात प्लास्टर घालून होईपर्यंत बाबा त्याला पुन्हा पुन्हा विचारत होते, तू काही खाल्लंस का.

आज तो आला तो ठरवूनच. होडीच्या कुलपाची किल्ली त्यानं बाबांच्या पायाशी ठेवली होती.

“मी आता होडीला हात लावणार नाही,” तो म्हणाला.

“बरं.”

“विंचला तर नाहीच नाही. माझी लायकी नाही ती.”

“बरं.”

“दुसऱ्या कुणाला सांगा. शीड शिकायला येतो तो सरदार तांडेलांचा पुतण्या आहे, तो करील.”

“करील की.”

जयराम थांबला. त्याला वाटलं होतं बाबा समजूत घालतील, किंवा खूप रागावतील. यातलं काहीही चाललं असतं.

“तुम्हाला कळतंय का, बाबा? मी तुमचा हात मोडला. या खाडीत आजवर कुणी असं केलं नसेल. कुणी शिष्यानं आपल्या गुरूला...”

बाबा किंचित हसले.

“जयराम, तुझ्यासारखा घड्याळजी महाडात दुसरा नाही ना?”

जयरामनं किल्लीकडे पाहिलं.

“आणि तुझ्यासारखा अपराधीही खाडीत दुसरा नाही... तुला सगळं अव्वलच लागतं.”

ते बोलणं लागेल असं होतं. पण बाबांनी ते अशा आवाजात म्हटलं, की जयरामचे डोळेच भरून आले. त्यानं मान खाली घातली.

जेटीच्या दगडांवर एक बगळा येऊन बसला आणि उडून गेला.

“उघड,” बाबा म्हणाले.

“काय?”

“विंच. मला एका हातानं जमायचं नाही.”

“मी आत्ताच म्हणालो ना...”

“म्हणालास. मी ऐकलं. आता उघड.”

जयराम उठला. पिशवीत हत्यारं होतीच. हात लावणार नाही असं सांगायला येतानाही तो ती घेऊन आला होता, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं. त्यानं विंचखाली जुनं धोतर पसरलं, वरची कडी काढली आणि ढोल दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला.

आत सगळं पिवळंधमक होतं. चाकांचे दातसुद्धा दिसत नव्हते.

बाबा सरकत जवळ आले. त्यांनी डाव्या हाताचं बोट त्या ग्रीसमधून फिरवलं आणि उजेडात धरून पाहिलं.

“श्रीखंडासारखं आहे,” ते म्हणाले.

जयरामला हसू आलं, आणि हसू आल्याची लाजही वाटली.

त्यानं खटके काढले, वाटीतल्या रॉकेलमध्ये टाकले. मग जुन्या दातांच्या ब्रशानं चाकं घासायला बसला. कामाला लागल्यावर त्याचे हात नेहमीसारखे चालू लागले, शांत आणि नेमके. बाबा एकेक भाग डाव्या हातानं धरून देत होते आणि घासलेला भाग कापडावर मांडून ठेवत होते.

“घड्याळाला तेल किती घालतोस?” बाबांनी विचारलं.

“सुईच्या टोकावर राहील तेवढं.”

“जास्त घातलं तर?”

“पसरतं. धूळ धरतं. घड्याळ आधी मागे पडतं, मग थांबतं.”

“म्हणजे ठाऊक होतं तुला.”

ब्रश थांबला.

“होतं, बाबा.”

“मग इथं बोटानं का घातलंस?”

रॉकेलच्या वाटीत जयरामनं एक खटका उगाच इकडून तिकडे फिरवला.

“घड्याळ गिऱ्हाइकाचं असतं,” तो शेवटी म्हणाला. “हा तुमचा होता.”

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाले,

“मग मला थोडं गिऱ्हाईक कर ना, बाळा.”

...

जयराम घासत राहिला. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळे नव्हते, म्हणून त्यानं ते पुसलंच नाही.

“आवाज येत नव्हता, हे मीही ऐकलं होतं,” बाबा थोड्या वेळानं म्हणाले.

“काय?”

“विंचचा. तू दांडा फिरवून दाखवलास ना, तेव्हा. उभा जन्म मी दोर ओढले, मला कळणार नाही? खटका बोलत नाही म्हणजे खटका बसत नाही.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू इतका खूश होतास...”

बाबा आपल्या प्लास्टरकडे पाहत होते.

“तू तिथं ग्रीस घातलंस,” ते म्हणाले. “मी इथं घातलं.” त्यांनी डाव्या हाताचं बोट आपल्या ओठांकडे नेलं.

गेल्या रविवारपासून जयराम एकटाच एक ओझं वाहत होता. त्याचं दुसरं टोक कुणी मुकाट्यानं उचलल्यासारखं त्याला वाटलं. पण आपलं ओझं असं दुसऱ्याला उचलू देणंही त्याला जड जात होतं.

तो खटक्याची स्प्रिंग चिमट्यात धरून पुसत होता. मन जाग्यावर नव्हतं. स्प्रिंग सटकली आणि टिचकी मारल्यासारखी उडाली.

दोघंही दचकले. मग दोघंही फळ्यांवर वाकले. जयराम गुडघ्यांवर रांगत कोपरे चाचपू लागला. पाण्यात गेली असती तर शहरातून मागवावी लागली असती.

“हलू नका बाबा.”

“मी कुठं हलतोय?”

स्प्रिंग बाबांच्या लुंगीच्या निऱ्यांत मिळाली. जयरामनं ती दोन बोटांनी उचलली. बाबा खदखदून हसले, आणि हसताना मोडलेला हात हलला तसे कळवळले. जयरामनं घाईनं झोळी सावरायला हात पुढे केला. मग तो हात मध्येच थांबवला.

“दुखतंय?” त्यानं विचारलं.

“दुखतंय.”

“झोळी वर घेऊ?”

बाबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. आजवर त्यानं असं आधी विचारलं नव्हतं.

“थोडी घे,” ते म्हणाले.

त्यानं थोडी घेतली.

ऊन कलायला लागलं तेव्हा सगळे भाग कापडावर चकचकत होते. ओहोटी लागली होती. सबुरी दोरांवर हळूच हिसके देऊ लागली होती.

जयरामनं विंच परत जुळवायला घेतला. चाकांना त्यानं ग्रीसचा पातळ हात दिला. खटके मात्र तसेच कोरडे बसवले. ढोल चढवला, दांडा लावला आणि फिरवला.

खर्र... टक्. खर्र... टक्.

“कोरडे का?” बाबांनी विचारलं.

“खटक्यांना नकोच काही.”

“नको असं कुणी सांगितलं?”

“मला भीती वाटते, बाबा.”

“हं... तेव्हा माया म्हणाली भर, आता भीती म्हणते घालू नको.” बाबांनी ढोलावर हात ठेवला. “याला कुणी विचारलं?”

“याला कसं विचारू?”

“फिरव. आणि ऐक.”

जयरामनं दांडा पुन्हा फिरवला. आवाजात खरखर होती. कोरड्या घशानं कुणी बोलावं तसा आवाज. दुकानात असा आवाज त्यानं हजारदा ऐकला असेल, आणि तिथं त्याला काय करावं हे कधी कुणाला विचारावं लागलं नव्हतं.

त्यानं ढोल पुन्हा उतरवला. पिशवीतून पातळ तेलाची कुपी काढली. घड्याळाला तेल घालायची सुई त्यात बुडवली आणि एकेका खटक्याच्या खिळीवर टेकवली. नुसती टेकवली. ढोल चढवला.

टक्. टक्. टक्. टक्.

स्वच्छ आवाज आला. दोघंही तो ऐकत राहिले.

“झालं,” जयराम म्हणाला. त्याला मोकळं वाटलं. हत्यारं आवरायला तो वाकला.

“झालं कुठं?” बाबा म्हणाले. “दोर घे.”

जेटीच्या खांबाला बांधलेला दोर त्यांनी त्याला विंचवर घ्यायला सांगितला. बाकीचे दोर सैल करायला लावले. ओहोटी आता चांगलीच जोरात होती आणि सबुरीला खाडीच्या तोंडाकडे ओढत होती. जयरामनं ढोलाला वेढे घातले, दोराचं मोकळं टोक डाव्या हातात धरलं आणि उजव्या हातानं दांडा फिरवायला लागला. टक्, टक्. दोर ताणला. त्यातून पाणी पिळून निघालं. सगळ्या होडीचं आणि सगळ्या ओहोटीचं ओझं त्या ढोलावर आलं.

“आणखी.”

टक्.

“पुरे. आता दांडा सोड.”

जयराम सोडणार तोच त्याला दिसलं. बाबा पुढे सरकले होते. आपला डावा हात, चांगला हात, त्यांनी दांड्याच्या वाटेत आडवा धरला होता. गेल्या रविवारी दांडा जिथून गरगरत आला होता, बरोबर तिथं.

“बाबा, हात काढा.”

“तू सोड.”

“आधी हात काढा.”

बाबांनी हात काढला नाही. त्यांच्या चेहऱ्यावर परीक्षा घेणाऱ्याचा कडकपणा नव्हता. बाकावर शेजारी जागा करून द्यावी तसे ते त्याच्याकडे पाहत होते.

जयरामची बोटं दांड्यावर पांढरी पडली. तळहाताला घाम सुटला. खटका बसलाय, हे त्याच्या कानांना ठाऊक होतं. खटका बसलाय, हे त्याच्या बोटांना ठाऊक होतं. तरी हात सुटेना.

“मी असाच धरून उभा राहतो,” तो म्हणाला. “हवं तर रात्रभर राहतो.”

“मग विंच कशाला?” बाबा म्हणाले.

...

खाडीच्या पलीकडून फेरीबोटीचा भोंगा ऐकू आला. सबुरीनं दोराला एक लांब हिसका दिला.

जयरामनं डोळे मिटले. मग उघडले. मिटून सोडणं खरं नव्हे, असं त्याला वाटलं असावं.

बाबांच्या हाताकडे बघत बघत त्यानं दांडा सोडला.

दांडा थरथरला. केसभर मागे आला.

टक्.

आणि थांबला. बाबांच्या बोटांपासून वीतभर अलीकडे तो नुसता उभा राहिला. ओहोटी ओढत होती, दोर करकरत होता, आणि त्या पितळी ढोलाला जणू त्याचं काहीच नव्हतं.

जयरामनं हातातलं टोक खुंटीला कसंबसं अडकवलं आणि तो खाली बसला. बाबाही त्याच्या शेजारी टेकले. दोघांचा खांद्याला खांदा लागला होता.

श्वास ठिकाणावर यायला वेळ लागला. मग जयराम पाण्याकडे पाहत म्हणाला,

“आणि नसता अडकला तर, बाबा?”

“तर काय?”

“उजवा झोळीत आहे. डावाही मोडला असता. मग कोणता हात उरला असता तुम्हाला?”

बाबांनी त्याचा काळाकुट्ट, रॉकेलचा वास येणारा तळवा आपल्या डाव्या हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला.

“हा. जा, धुऊन ये. भूक लागलीय मला.”